सत्तेचाळीस सतराचा ब्लोअर

६ डिसेंबर

अंगणवाडीतून रिटायर होऊन आठ महिने झाले, तरी रोज काहीतरी नोंदवल्याशिवाय हाताला चैन नाही. तेहतीस वर्षं मुलांची वजनं आणि खिचडीचा साठा लिहिला. आता घरात वजन घेण्यासारखा एकच माणूस आहे आणि तो काट्यावर उभा राहत नाही. म्हणून त्याच्याबद्दल वहीत लिहिते.

आमच्या यांनी आज नवीन खूळ काढलं. अंगणात उभा असलेला ट्रक चिखलदऱ्याला न्यायचा, स्वतः चालवत, मला शेजारी बसवून. यांनी तो मिलिटरीच्या लिलावातून घेतला, त्याला चौतीस वर्षं झाली. नाव-बिव काही नाही, नंबर हेच नाव, सत्तेचाळीस सतरा. अंजनगावहून संत्रा भरून हे थेट जम्मूपर्यंत जायचे. मला एकदा तरी चिखलदऱ्याला नेईन, असं गाडी आली त्याच वर्षी कबूल केलं होतं. येत्या ३१ जानेवारीला गाडीचं पासिंग संपतं. पुढे होणार नाही, मग भंगार. म्हणून ही घाई.

अडचण एकच. रेडिएटर अर्धा बुजलेला आहे आणि या गाडीचा दुसरा आता मिळत नाही. घाटात इंजिन उकळतं. त्यावर यांचा जुना उपाय म्हणजे हिटर लावायचा. मिलिटरीची गाडी असल्यामुळे तिच्यात हिटर आहे. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअरचा पंखा ती सगळी उष्णता केबिनमध्ये फेकतो. इंजिन थंड राहतं, माणसं शिजतात. पण तो ब्लोअर बारा वर्षं फिरलेला नाही.

"ब्लोअर फिरल्याबिगर घाट नाई," हे म्हणाले. "वायरिंगचा फॉल्ट हाय. म्या सांगतो, तू हात लाव."

"मी काहून? जन्मभर तुमीच केली ना वायरिंग?"

"डॉक्टरनं वाकू नोको म्हटलं."

कोणत्या डॉक्टरनं, असं विचारलं तर म्हणाले, सगळेच म्हणतात.

९ डिसेंबर

पहिला धडा. एक लहान बल्ब, त्याला दोन वायरी, याला टेस्ट लॅम्प म्हणायचं. एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं ज्या वायरीवर शंका आहे तिला. करंट आला असेल तर बल्ब पेटतो. माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनाही कळलं असतं.

हे खुर्ची टाकून दाराशी बसले आणि हुकूम सोडायला लागले. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून पालथी. फ्यूजच्या डबीवर गंज होता, तो पॉलिश पेपरनं घासला. लॅम्प लावला तर पेटला. मी बल्ब बाहेर काढून यांच्या नाकासमोर धरला.

"पेटला का?" म्हणतात.

डोळ्यासमोर दिवा धरलाय आणि माणूस मलाच विचारतो. उन्हामुळे दिसला नसेल म्हणा. फ्यूज चांगला आहे एवढं आज ठरलं. माझी पाठ मात्र गेली.

११ डिसेंबर

स्विच उघडला. आत कोळ्याचं घर. साफ केला, करंट इकडून येतो तिकडून जातो, लॅम्प सांगतो. म्हणजे स्विचही निर्दोष.

चहा मडगार्डवर ठेवला होता. यांनी हात पुढे केला तो थेट चहात. माणसाला धीर म्हणून नाहीच. शर्टाच्या खिशात एक छोटी बाटली सापडली, पांढऱ्या झाकणाची. कानाचं औषध आहे म्हणाले. कानात घालताना तर मी कधी पाहिलं नाही.

१५ डिसेंबर

आज भांडण झालं. लिहून ठेवते, कारण चूक माझी नाही.

ब्लोअरला दोन वेग आहेत, त्याच्या दोन वायरी, निळी आणि हिरवी. हे म्हणाले, निळी वरती लाव. मी म्हटलं, तुम्हीच धरून द्या ना. यांनी धरून दिली ती हिरवी. मी म्हटलं, ही हिरवी आहे. हे म्हणाले, चाळीस साल वायरिंग केली म्या, तू मले रंग शिकवतं का? मग लावली. फट्‌ झालं, ठिणगी उडाली, फ्यूज गेला आणि केबिनभर जळका वास.

रंग शिकवायचं म्हणाल तर तेहतीस वर्षं तेच केलं मी. पण सत्तर वर्षांचं पोर भरती करून घ्यायला आता अंगणवाडी राहिली नाही. तसं बोलूनही दाखवलं. हे हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्यावर दुप्पट बोलतात. आज उठले, भिंतीला हात लावत घरात गेले आणि जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत.

मला वाईट वाटलं. संध्याकाळी आलूवांग्याची भाजी केली, झणझणीत. दोनदा घेतली.

२० डिसेंबर

मोटर बाहेर काढली! चार स्क्रू, त्यातले दोन गंजून लोखंडाशी एकजीव झालेले. दोन दिवस रॉकेल टाकून ठेवले तेव्हा सुटले. मोटर मांडीवर घेतली आणि बॅटरीच्या दोन वायरी तिला सरळ जोडल्या. अशी फिरली की मांडीवरून उडी मारते की काय असं वाटलं. मी ओरडले. हे खुर्चीतून उठले, टाळी दिली आणि म्हणाले, "माई चेली हाय ही, चेली!" इतक्या वर्षांच्या संसारात असं प्रशस्तिपत्र पहिल्यांदाच.

पण मोटर गाडीत परत बसवली तर ढिम्म. नवा फ्यूज हजर, स्विच हजर, मोटर हजर. तिच्या वायरीपर्यंत करंट येतो, लॅम्प पेटतो. सगळे हजर असूनही शाळा भरत नाही.

२४ डिसेंबर

मन लागत नाही. या वयात मी ट्रकखाली काय करते आहे? शेजारची माणिकबाई कुंपणावरून रोज विचारते, "झालं का वो इमान तयार?" ट्रकला ती विमान म्हणते.

नितेश बडनेऱ्याहून आला होता. रेल्वेत आहे, त्यामुळे त्याला सगळ्याचं वेळापत्रक लागतं. म्हणाला, आई, भंगारवाल्याला सांगून टाकू, बाबांनी आता गाडी चालवायचीच कशाला? मी त्याच्यावर इतकी कडाडले की माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, तुझ्या बाबांचे हात अजून तुझ्यापेक्षा स्थिर आहेत. नितेश यांच्याकडे पाहत राहिला. हे खाली मान घालून शेंगा सोलत होते. एक शेंग सोलून दाणे टरफलाच्या टोपलीत टाकले आणि टरफल ताटात. रागात होते बिचारे.

२८ डिसेंबर

भातकुलीहून देवमन आला. पंचवीस वर्षांपूर्वी तो यांचा क्लीनर होता, आता स्वतः कापसाचा ट्रक चालवतो. डोक्याचे केस गेले, पण यांना अजून उस्ताद म्हणतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक लांब वायर मागितली. तिचं एक टोक मोटरीच्या अंगाला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. मी स्विच दाबला. फिरली!

"वैनी, करंट आत जाऊन राह्यला, पन त्याले वापस याले रस्ता नाई. अर्थ नाई भेटून राह्यला."

म्हणजे मी तीन आठवडे येणाऱ्यालाच तपासत बसले, जाणाऱ्याची चौकशी केलीच नाही. मोटरीची काळी अर्थची वायर आम्ही धरत धरत निघालो. डॅशबोर्डामागून गेली, वर चढली आणि काचेखाली मधोमध एका नटापाशी संपली. त्याच नटावर आमचा पितळी मारुती बसवलेला आहे.



"म्याच बसवला होता तठी," हे हळूच म्हणाले. "नवीन भोक पाडाले जिवावर आलं होतं."

आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दर दसऱ्याला गाडीची पूजा मी करते. तेलात शेंदूर कालवून मारुतीला चढवते, सढळ हाताने. हे लांबच्या रस्त्याला निघणार असले की हात आणखी सढळ व्हायचा. चौतीस दसरे! तो शेंदूर ओघळून नटाखाली गेला, वाळून दगड झाला आणि वायर आणि लोखंड यांच्यामध्ये पातळ भिंत उभी राहिली. ब्लोअर मीच बंद पाडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी डोक्याला हात लावला. हे म्हणाले, "असू दे वं. त्याच शेंदरानं घरी आलो ना दर डाव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवमनने दुसरीकडे तोंड फिरवलं.

१ जानेवारी

देवाला हलवायला नवीन वर्षाचा दिवस बरा. आंघोळ करून गेले, नारळ ठेवला, माफी मागितली. बारा नंबरच्या पान्यानं नट सोडवला. मारुतीरायाला ताम्हनात बसवलं. शेंदराची ढेप निघाली, बोटभर जाड. ती पिंपळाखाली नेऊन ठेवली. मग वायरीचं टोक आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासलं. वायर बसवली, मारुती बसवला, नट करकचून आवळला. हे खुर्चीवरून पान्याचा आवाज ऐकत होते. "आनखी अर्धा," म्हणाले. अर्धा आवळला. "बस."

स्विच दाबला. बारा वर्षांनी ब्लोअर फिरला आणि आमच्या तोंडावर उंदराचं घरटं, कोंडा आणि संत्र्याच्या वाळक्या सालीचा चुरा आला. दोघंही खोकलो, शिंकलो, हसलो. मी यांच्या भुवईवरून चुरा काढत होते तर म्हणाले, "जम्मूचा वास येऊन राह्यला."

अकरा तारखेला निघायचं ठरलं.

४ जानेवारी

आज जे झालं ते लिहू की नको, असं दुपारपासून चाललं आहे.

जाण्याआधी ब्रेकचे दिवे पाहायचे होते. यात नेहमी दोघं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं. मी आत चढले, हे मागे गेले. माझी चप्पल पेडलखाली अडकली. ती काढायला वाकले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पेटले! दोनी पेटले! झकास!"

माझा पाय ब्रेकवर नव्हताच.

वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. मी पाय ठेवला नाही आणि ओरडून विचारलं, "आता?"

"आता इझले."

मी पुन्हा काही न करता विचारलं, "आता?"

"पेटले."

मी स्टिअरिंगला धरून बसून राहिले. सगळं एकामागून एक समोर आलं. नाकासमोरचा बल्ब, चहातला हात, हिरवी वायर, शेंगांचे दाणे, खिशातली बाटली. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची मुलं पारखली. कोणाला कमी दिसतं, कोणाला कमी ऐकू येतं, हे पहिल्या आठवड्यात सांगायची. माझ्या घरातला माणूस महिनाभर समोर बसला होता आणि मी त्याला उतावळा म्हणत होते.

खाली उतरले. "बरोबर आहेत दिवे," म्हटलं. ते खूश झाले.

५ जानेवारी

हे अंघोळीला गेल्यावर देवमनला फोन केला. आधी आढेवेढे घेतले. मग रडायलाच लागला, एवढा मोठा माणूस. दिवाळीनंतर दोघं टायर पाहायला म्हणून अकोल्याला गेले होते, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जपायची. समोर मधलं थोडं दिसतं, तेही धूसर, बाजूचं नाही. मला सांगू नकोस म्हणून याला शपथ घातलेली.

"उस्ताद म्हने, एकडाव तिले घाटानं नेतो, मंग चाबी ठेवून देतो. मी का बोलू, वैनी?"

इतका राग आला आहे की भाकऱ्या करपल्या. आणि माया इतकी आली की करपलेल्या मी घेतल्या, चांगल्या त्यांना वाढल्या.

७ जानेवारी

काय करू? सरळ सांगितलं तर माणूस मोडून पडेल. नितेशला सांगितलं तर तो उद्याच भंगारवाला आणेल. आणि काही केलं नाही तर रविवारी हे घाटात स्टिअरिंग धरतील.

हे देवळात गेले तेव्हा पाना घेतला आणि मारुतीखालचा नट ढिला केला. वायरीचं टोक लोखंडापासून नखभर वर उचललं. मधे कागदाचा कपटा सरकवला. महिनाभर राबून जे जोडलं ते दोन मिनिटांत तोडलं. ब्लोअर नाही तर घाट नाही, हा त्यांचाच कायदा आहे. मारुतीकडे पाहवलं नाही.

१० जानेवारी

सकाळी यांनी गाडी सुरू केली, उद्याची तयारी म्हणून. स्विच दाबला. ब्लोअर गप्प. मी सूप घेऊन अंगणात उभी होते, तांदळात खडे नसतानाही पाखडत होते.

"पुन्हा गेला वाटते," मी म्हटलं. "जाऊ द्या. कायले जाता एवढ्या थंडीत?"

मला वाटलं होतं चिडतील, टेस्ट लॅम्प मागतील. काही नाही. गाडी बंद केली. हात सरळ मारुतीखाली नेला आणि दोन बोटांनी नट फिरवला.

"हा नट हातानं फिरून राह्यला, जमुना. तू पान्यानं आवळला होता. म्या आयकला होता."

"ढिला झाला असन."

"उभ्या गाडीत?"

मी सूप खाली ठेवलं. त्यांच्या बोटांना तोवर कागदाचा कपटा सापडला होता. तो चुरगाळत म्हणाले, "कधी समजलं तुले?"

"चार तारखेले. तुमी म्हटलं पेटले. म्या पाय ठेवलाच नोता."

कपट्याची गोळी करून खिशात टाकली. मग म्हणाले, "तो रस्ता पाठ हाय मले. एक एक वळन पाठ हाय."

"रस्ता पाठ हाय. समोरून येनारी यष्टी पाठ हाय का?"

मी हे बोलले आणि मग रडायला लागले. म्हटलं, मले चिखलदरा नाई पायजे, तुमी पायजे. एवढं उघड मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते. माणिकबाई कुंपणाशी होती, तिनेही ऐकलं असेल, ऐकू दे.

त्यांनी पाना मागितला. मी हातात दिला. वायर चाचपून बसवली, नट लावला, आवळला, आणखी अर्धा. न पाहता. मग किल्ली काढून माझ्या ओंजळीत ठेवली.

"देवमन्याले फोन लाव. म्हन, सकाळी सहाले ये. मी मधात बसतो."

मी तिथूनच फोन लावला.

११ जानेवारी

रात्रीचं जेवण झालं आहे, हे झोपलेत. सगळं आठवतं आहे तोवर लिहिते.

साडेसहाला निघालो. देवमन स्टिअरिंगवर, हे मध्ये, मी खिडकीशी. परतवाड्याला चहा घेतला. तिथपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. देवमनही गाडी अशी चालवत होता जणू परीक्षा आहे. मला वाटलं, उगाच आलो, याच्यापेक्षा घरी बरे होतो.

घाट लागला. इंजिन कण्हायला लागलं, काटा चढायला लागला. मी स्विच दाबला. ब्लोअर फिरला आणि केबिनमध्ये वैशाख आला. बाहेरचे लोक कानटोपी घालून काचा लावून चाललेले आणि आम्ही काचा खाली करून घामाने निथळत होतो. मी शाल काढली, स्वेटर काढला. काटा खाली आला.

तिसऱ्या वळणावर देवमनने गिअर बदलला आणि गाडीनं आचका दिला. हे ताडकन म्हणाले, "उशीर केला बे! आयकू येत नाई का तुले?" आणि गिअरच्या दांड्यावर स्वतःचा हात ठेवला. दांडा मधोमधच आहे. देवमनने आपला हात काढून घेतला.

मग हे मान थोडी वाकडी करून इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "दाब." देवमन क्लच दाबायचा, हे गिअर टाकायचे. "सोड." पुन्हा, "दाब." एकदाही खरखर झाली नाही. देवमन नुसतं वळवत होता, घाट हे चढवत होते. मी खिडकीतून पाहत सांगत होते की डावीकडे दरी आहे, समोरून जीप येते आहे, वळणावर वानरं बसली आहेत. "किती हायेत?" म्हणाले. मोजून सांगितली, सात. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडावर असं तेज की मला त्यांच्याकडे पाहायचं की दरीकडे ते कळेना. मी त्यांच्याकडेच पाहिलं.

वर पोचलो. देवमनने दरीच्या कठड्याशी गाडी लावली आणि चहा आणायला गेला. खरं तर तो डोळे पुसायला गेला होता. हे पुढे सरसावून बसले.

"सांग आता. का दिसते?"

मी काच पुसली. बाहेर डोकं काढून पाहिलं. दरी नव्हती, झाडं नव्हती, दहा हातांवरचा कठडाही नव्हता. धुकंच धुकं, सगळीकडे पांढरं. चौतीस वर्षांनी आणलं आणि दाखवायला हे. खोटं सांगावं असं एक क्षण मनात आलं. मग म्हटलं, आता पुरे झालं ते.

"काईच नाई दिसत वो. धुकं हाय. मलेबी नाई दिसत."

ते हसायला लागले, दिवाळीपासून मी न ऐकलेलं मोकळं हसू. माझा हात हातात घेतला.

"मंग पाहू आता दोघं मिळून," म्हणाले.

आम्ही ब्लोअर चालू ठेवला आणि देवमन चहा घेऊन येईपर्यंत समोर पाहत बसलो.